नाव वाडीत, माणूस भट्टीवर: वाचकांचे प्रश्न

कातकरी ह्या आदिवासी जमातीच्या वाड्यांवरच्या स्थलांतराबद्दल मागच्या अंकात लिहिलं होतं, त्यावर पत्रं आणि व्हॉट्सअॅप मेसेज भरपूर आले आणि त्यातले बरेचसे मतदानाबद्दलचे निघाले. सगळ्यांना उत्तर द्यायला जागा नाही, जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले तेवढे घेतलेत. नाव कुणाचंच छापलेलं नाही, बऱ्याच जणांनी तशी विनंतीच केली होती.

प्रश्न: मी सुधागड तालुक्यात शाळेत शिक्षिका आहे, निवडणुकीला ड्युटी लागते. २०२४ च्या विधानसभेला आमच्या बूथवर वाडीतली निम्मी माणसंसुद्धा आली नाहीत. सोबतचे एक सर म्हणाले, ह्या लोकांना मतदानाचं काही पडलेलंच नसतं. मला ते पटलं नाही पण उत्तरही देता आलं नाही.

उत्तर: ताई, तुम्हाला पटलं नाही ते बरोबरच आहे. आधी आकडे बघूया. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात एकूण मतदान ६१ टक्क्यांच्या आसपास झालं. त्यात सगळ्यात पुढे होता गडचिरोली-चिमूर, जवळजवळ ७२ टक्के, आणि नंदुरबार ७० च्या वर. हे दोन्ही अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ. आपल्या कोकणातला राखीव म्हणजे पालघर, तिथे जवळजवळ ६४ टक्के, आणि त्याच दिवशी म्हणजे २० मेला मतदान असलेले कल्याण आणि दक्षिण मुंबई कसेबसे ५० पर्यंत पोचले. आता हे आकडे अख्ख्या मतदारसंघाचे असतात, निवडणूक आयोग काही जमातवार मोजत नाही, आणि पालघरमध्ये वसई-नालासोपाऱ्याची शहरी वस्ती पण येते, त्यामुळे ह्यातून आदिवासी मतदार नेमके किती आले ते निघत नाही हे मान्य. पण आदिवासी भागात माणसं मत द्यायला येतच नाहीत, हे म्हणणं ह्या आकड्यांपुढे टिकत नाही.

मग तुमच्या बूथवर काय झालं? तारीख बघा ना. कातकरी कुटुंब दिवाळी झाली की निघतं. पावसाळ्यात हाताला काम नसतं, घरात तांदूळ नसतो, नेमक्या तेव्हा मुकादम येऊन उचल म्हणजे आगाऊ पैसे देऊन जातो आणि दिवाळी सरली की वाडीच्या तोंडाशी टेम्पो येऊन उभा राहतो. भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं, सगळं त्यात चढतं. कुणी भिवंडी-कल्याणकडे वीटभट्टीवर, कुणी कोळशाच्या भट्टीवर पार घाटावर नाहीतर कर्नाटकात. परत यायचं ते पावसाच्या तोंडावर. मागे राहतात म्हातारीकोतारी आणि एखाददुसरं घर.

आता ह्याच्या शेजारी निवडणुकांच्या तारखा ठेवा. रायगडात लोकसभेचं मतदान २०१९ ला २३ एप्रिलला झालं, २०२४ ला ७ मेला. दोन्ही वेळा भट्टीचा हंगाम जोरात. विधानसभा २०१९ ला २१ ऑक्टोबरला होती आणि दिवाळी २७ ऑक्टोबरला, म्हणजे वाडी भरलेली. २०२४ ला दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच आटपली आणि मतदान २० नोव्हेंबरला, तोपर्यंत टेम्पो येऊन गेलेले. तुमच्या बूथचे ह्या दोन विधानसभांचे आकडे काढा आणि सरांसमोर ठेवा, मला खात्री आहे फरक डोळ्यात भरेल. निवडणुकीची तारीख ठरवताना परीक्षा बघतात, सण बघतात, पोलीस बंदोबस्त बघतात आणि ते बघायलाच पाहिजे, पण हजारो कुटुंबं ज्या हंगामावर जगतात तो हंगाम कुणी बघत नाही ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अजून एक. भट्टीवरून एक दिवस येऊन मत द्यायला काय हरकत आहे असं बरेच जण विचारतात. भट्टीवर हिशोब जोडीचा असतो, नवरा-बायको मिळून विटा थापतात आणि मजुरी हजार विटांमागे. एक जण गेला की दुसऱ्याचं काम पण अडतं, त्यात गाडीभाडं, लहान पोरं, आणि उचल फिटलेली नसते म्हणून शेठ सोडायला तयार नसतो. एवढं सगळं असून काही माणसं रात्रीच्या गाडीने येतात, सकाळी मत देतात आणि दुपारी परत जातात. ज्यांना काही पडलेलं नसतं ती माणसं असं करत नाहीत.

प्रश्न: मंडणगड तालुका, वय २४. आमच्या वाडीतल्या काही जणांची नावं यादीतून गेलीत, माझं तर कधी लागलंच नाही. जन्माचा दाखला नाही, घर दुसऱ्याच्या जागेवर आहे, घरपट्टी पण नाही. तलाठी ऑफिसात विचारलं तर म्हणाले आधी पुरावा आण. काय करू?

उत्तर: तुझ्यासारखे मेसेज माणगाव, रोहा, खेड सगळीकडून आलेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट मनात पक्की कर, मतदार व्हायला घर किंवा जागा नावावर असावी लागत नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात शब्द आहे सर्वसाधारण रहिवासी, म्हणजे तू राहतोस कुठे एवढंच बघायचं. जमीन खोताची असो, शेठची असो नाहीतर वनखात्याची, तू तिथे राहतोस हे खरं असलं की झालं. अगदी फुटपाथवर झोपणाऱ्या माणसाचंही नाव लागतं, त्याच्यासाठी आयोगाची सूचना अशी की बीएलओने (बूथच्या मतदार यादीचं काम बघणारा कर्मचारी) रात्री जाऊन तो खरंच तिथे झोपतो का ते बघावं, कागद मागू नये. मग पिढ्यान् पिढ्या एका जागी असलेल्या वाडीला घरपट्टीची पावती मागणं कुठल्या हिशोबात बसतं?

वयाच्या पुराव्याचं म्हणशील तर आश्रमशाळेत नाहीतर झेडपीच्या शाळेत दोन-चार वर्षं जरी गेला असशील तरी दाखला मिळतो, त्यावर जन्मतारीख असते. आधार असेल तर तेही चालतं. शाळेतच गेला नाहीस आणि दुसरं पण काही नाही, तर फॉर्ममध्येच दुसरा कुठला पुरावा देण्याची सोय आहे, ते बीएलओशी बोलून ठरवायचं. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक (बाकीचे दोन कोलाम आणि माडिया गोंड), आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राची पीएम-जनमन योजना सुरू झाली तेव्हापासून ह्या गटांसाठी आधार, जातीचा दाखला, रेशनकार्ड ह्याचे कॅम्प लावले जातात. पेणच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयात चौकशी कर तुमच्याकडे पुढचा कॅम्प कधी आहे, आणि कॅम्पला येणाऱ्या साहेबांना सांग की त्याच टेबलाशेजारी बीएलओला पण बसवा. सगळी वाडी एका जागी जमलेली असते, एका दिवसात काम होतं.

फॉर्म कुठला ते लक्षात ठेव. नवीन नाव लावायला किंवा उडालेलं नाव परत लावायला ६ नंबर. नाव, वय, फोटो चुकलाय किंवा दुसरीकडे राहायला गेला असशील तर ८ नंबर, लग्न होऊन दुसऱ्या वाडीत गेलेल्या मुलींना हाच लागतो. फॉर्म फुकट असतो, भरून देण्याचे पैसे कुणाला देऊ नकोस.

आता नाव उडालं कसं? बहुतेक वेळा असं होतं की बीएलओ डिसेंबर-जानेवारीत सकाळी अकराला वाडीत येतो, घराला कडी, अंगणात कुत्रं, शेजारी म्हणतात गेले भट्टीला. तो वहीत लिहितो स्थलांतरित आणि पुढच्या यादीत नाव गायब. पण त्याच १९५० च्या कायद्याचं २० वं कलम सांगतं की माणूस तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचं राहणं सुटत नाही. आणि २२ व्या कलमाप्रमाणे स्थलांतर झालं असं म्हणून नाव काढायचं तर आधी त्या माणसाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. तुमच्या वाडीत अशी नोटीस आली होती का? आली नसेल तर तहसीलदारांकडे सगळ्यांनी मिळून लेखी अर्ज द्या, सह्या-अंगठे घ्या, त्यात ह्या दोन्ही कलमांचे नंबर लिहा आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठायचं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ. पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख धरायचे, त्या तारखेला १८ पूर्ण असेल तरच नाव, आणि त्या वेळच्या तपासणीला तुमची वाडी रिकामी. २०२२ पासून वर्षात चार तारखा झाल्यात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. म्हणजे जून ते ऑक्टोबर, भात लावणीपासून दिवाळीपर्यंत, जेव्हा सगळी वाडी घरात असते तेव्हाच हे काम उरकता येतं. बीएलओला संध्याकाळी बोलवा, दिवसा बायका लाकूडफाट्याला, पुरुष आणि पोरं खेकड्यांना नाहीतर लावणीला गेलेली असतात, कुणी भेटत नाही. तुझ्यासारख्या शिकलेल्या पोराने गणपतीच्या आधी प्रत्येक घराची एक वही करावी, कोण १८ चा झाला, कोण वारलं, कुणाचं नाव चुकलंय. वाडीत एकाच नावाची चार-चार माणसं असतात, वाघमारे, पवार, जाधव, हिलम आडनावं तीच, यादीत बापाचं नाव चुकलं की एकाच्या जागी दुसरा उडतो, म्हणून फोटो आणि बापाचं नाव दोन्ही ताडून बघ. हीच विधानसभेची यादी पुढे ग्रामपंचायत, पंचायत समिती, झेडपी सगळ्यांना वापरतात, त्यामुळे एकदा केलेलं काम सगळीकडे उपयोगी पडतं.

जाता जाता, २०२५ ला बिहारमध्ये याद्या नव्याने तपासल्या तेव्हा आधी जे अकरा कागद चालतील म्हणून सांगितले होते त्यात जातीचा दाखला आणि वनहक्काचं प्रमाणपत्र होतं. ज्यांच्याकडे हे आहे त्यांनी झेरॉक्स काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत, पावसाचं पाणी लागणार नाही अशा जागी ठेवा.

प्रश्न: भाऊ आणि वहिनी भिवंडीकडे भट्टीवर आहेत. मागच्या मतदानाला शेठने सोडलं नाही. एका पक्षाचे लोक म्हणतात आम्ही गाडी पाठवू, परत नेऊन सोडू, जेवणाचं पण बघू. जावं का?

उत्तर: शेठने सोडायलाच हवं होतं. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं १३५ ब कलम सांगतं की मतदानाच्या दिवशी कामगाराला पगारी सुट्टी द्यायची, रोजंदारीवरचा असला तरी, आणि मतदारसंघ दुसरा असला तरी. न देणाऱ्या मालकाला दंड आहे, पण तो जास्तीत जास्त ५०० रुपये. एवढ्याशा दंडाला कुठला भट्टीवाला घाबरणार, हा दंड वाढला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. तरी मतदानाच्या आठवडाभर आधी निवडणूक आयोगाच्या १९५० ह्या हेल्पलाइन नंबरवर फोन करून भट्टीचा पत्ता द्या, तक्रार नोंदवून ठेवली की तहसीलचा माणूस निदान चौकशी तरी करतो. उचल फिटली नाही म्हणून कुणाला अडवून ठेवणं ही तर वेठबिगारीच झाली, १९७६ च्या कायद्याने ती बंद आहे.

पक्षाची गाडी मात्र नको. उमेदवाराने किंवा त्याच्या माणसांनी मतदारांना फुकट बूथवर आणणं हा कायद्याने भ्रष्ट आचार आहे, आणि जेवण, दारू, पैसे देणं-घेणं दोन्हीही गुन्हा. भावाने स्वतःच्या खिशातून एसटीचं तिकीट काढून यावं. खर्च होतो हे मला कळतं. म्हणूनच माझी मागणी अशी आहे की मतदानाच्या आदल्या रात्री प्रशासनानेच भट्ट्यांच्या पट्ट्यातून वाड्यांकडे एसटी सोडाव्यात. ८५ च्या पुढच्या आजी-आजोबांचं मत घ्यायला अधिकारी घरी जातात, आणि ते चांगलंच आहे, तर भट्टीवरच्या माणसाला घरी आणायला एक बस का सुटू नये?

प्रश्न: रत्नागिरीत कॉलेजला आहे, राज्यशास्त्र. बाकीच्या देशांत मूळनिवासींच्या मतदानाची काय परिस्थिती आहे? आपण पुढे आहोत की मागे?

उत्तर: हक्काच्या बाबतीत आपण बरेच पुढे होतो. आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्याच निवडणुकीला जव्हारच्या वारली बाईला आणि मुंबईच्या बॅरिस्टरला मताचा हक्क सारखाच. कॅनडात फर्स्ट नेशन्सच्या म्हणजे तिथल्या मूळनिवासी लोकांना आपला कायदेशीर दर्जा न सोडता देशाच्या निवडणुकीत मत द्यायला १९६० उजाडलं. ऑस्ट्रेलियात सगळ्या आदिवासींना तो हक्क १९६२ ला मिळाला आणि नोंदणी बाकी लोकांसारखी सक्तीची झाली ती १९८४ ला. अमेरिकेत १९२४ ला नागरिकत्व मिळालं तरी अॅरिझोना आणि न्यू मेक्सिकोत १९४८ पर्यंत अडवून ठेवलं होतं.

पण हक्क मिळाल्यावर मतपेटी माणसापर्यंत नेण्यात ते आपल्याला काही शिकवू शकतात. ऑस्ट्रेलियाचा निवडणूक आयोग दूरच्या वस्त्यांवर फिरतं मतदान केंद्र नेतो, विमानाने, बोटीने, मतदानाच्या दिवसाच्या आधीच. आपल्याकडे पण दुर्गम ठिकाणी कर्मचारी डोंगर चढून जातात, २०२४ ला ग्रेट निकोबारमधल्या शोम्पेन ह्या आदिवासी जमातीच्या सात माणसांनी पहिल्यांदा मत दिलं, हे अभिमानाचंच आहे. पण आपली सगळी व्यवस्था राहत्या जागी जाणारी आहे, कामाच्या जागी जाणारी नाही. आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये स्थलांतरितांसाठी रिमोट व्होटिंग मशीन (आहे तिथूनच आपल्या मतदारसंघात मत देता येईल असं) जाहीर केलं होतं, एका मशीनवर ७२ मतदारसंघ, जानेवारी २०२३ ला पक्षांना दाखवायला बोलावलं, विरोधी पक्षांनी आक्षेप घेतले आणि ते तिथेच राहिलं. आक्षेप दूर करता आले असते असं मला वाटतं. अभ्यासाला विषय हवा असेल तर हा घे.

प्रतिनिधित्वाचं थोडं वेगळं आहे. न्यूझीलंडमध्ये १८६७ पासून माओरींच्या वेगळ्या जागा आहेत, आज सात, आणि तिथे माओरी यादीतलेच मतदार मत देतात. आपल्याकडे राखीव जागेवर उमेदवार आदिवासी पण मतदार सगळे. त्यातही कोकणात बघ, विधानसभेच्या राखीव जागा डहाणू, विक्रमगड, पालघर, बोईसर, शहापूर आणि भिवंडी ग्रामीण. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात एकही नाही. २०११ च्या जनगणनेत रायगडात साडेअकरा टक्क्यांच्या आसपास आदिवासी होते, पण ते सगळ्या तालुक्यांत विखुरलेले, आणि जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही म्हणून पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) पण लागू नाही. तेव्हा इथल्या कातकरी-ठाकरांच्या हातात खरं वजन आहे ते ग्रामपंचायतीत, जिथे दहा-वीस मतांवर वॉर्ड फिरतो. आणि नेमकी तीच दहा-वीस माणसं भट्टीवर असतात.

प्रश्न: मावशीच्या वतीने लिहितेय, पेण तालुक्यातली वाडी. मतमोजणी झाल्यावर गावातले लोक येऊन म्हणाले, तुमच्या वाडीने आम्हाला मत दिलं नाही हे आम्हाला कळलंय, आता टँकर मागायला येऊ नका. मशीनमधून कळतं का कुणी कुणाला दिलं? मावशी म्हणते आता पुढच्या वेळी मी जातच नाही.

उत्तर: मावशींना आधी हे सांगा की त्यांनी कुठलं बटण दाबलं हे कुणालाही कळत नाही. व्हीव्हीपॅटची, म्हणजे मतदान यंत्राला जोडलेल्या छपाई यंत्राची, चिठ्ठी सात सेकंद काचेतून दिसते, ती फक्त त्यांनाच, आणि मग आत डब्यात पडते. त्यावर मत देणाऱ्याचं नाव नसतं, नंबर नसतो.

पण गावातले लोक म्हणतात ते पूर्ण हवेतलं पण नाही. मोजणी मशीनवार होते आणि प्रत्येक बूथवर कुणाला किती मतं पडली हे जाहीर होतं. पूर्वी मतपत्रिका होत्या तेव्हा निवडणूक नियमांतल्या ५९ अ प्रमाणे बूथांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजायची सोय होती. मशीन आल्यावर ती गेली. आयोगाने २००८ मध्ये टोटलायझर नावाचं यंत्र सुचवलं, अनेक मशीनची बेरीज एकदम दाखवणारं, विधी आयोगाने २०१५ ला पाठिंबा दिला, पण सरकारने ते स्वीकारलं नाही. त्यामुळे जिथे बूथ छोटं आणि वाडी ओळखू येण्याजोगी तिथे माणूस नाही पण वाडी उघडी पडते. शहरात बसून टोटलायझरचं महत्त्व पटत नाही, वाडीत पटतं.

तुमच्या बूथमध्ये गावातले मतदार पण असतील तर वाडीनेच दिलं नाही हे त्यांना सिद्ध करता येणार नाही, तो नुसता दम आहे. पण दम देणं हाच गुन्हा आहे, आणि साधा नाही. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ ला जी दुरुस्ती झाली त्यात हे स्पष्ट आलंय. अनुसूचित जमातीच्या माणसाने अमुक उमेदवाराला मत दिलं किंवा दिलं नाही म्हणून मतदानानंतर त्याला मारहाण करणं, बहिष्काराची धमकी देणं, किंवा त्याच्या हक्काची सार्वजनिक सेवा मिळू न देणं, ह्याला सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे. पाण्याचा टँकर ही सार्वजनिक सेवाच आहे, तो कुणाच्या घरचा नाही. धमकी देणारा स्वतः अनुसूचित जाती किंवा जमातीचा नसेल तर हे कलम लागतं आणि तपास डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो.

मावशींनी एकटीने पोलीस स्टेशनला जाऊ नये. वाडीतल्या चार-पाच बायका मिळून जा, कोण आलं, कुठल्या दिवशी, काय शब्द बोलले हे आधी लिहून न्या, आणि तक्रारीची एक प्रत बीडीओंना (गटविकास अधिकाऱ्यांना) द्या कारण टँकर पंचायत समितीकडून येतो. टँकर थांबलाच तर त्या दिवसापासून रोज तारीख टाकून लिहून ठेवा, रिकाम्या हंड्यांचा फोटो काढा. रायगडात सर्वहारा जन आंदोलन कातकऱ्यांसोबत बरीच वर्षं काम करतंय, पालघर-ठाण्याकडे श्रमजीवी संघटना आहे, अशा कुणाला तरी सोबत घेतलं तर पोलीस स्टेशनात तक्रार लवकर लिहून घेतात. आणि पुढच्या वेळी मत द्यायला जायचं की नाही ते मावशींनी स्वतः ठरवावं, गावातल्या लोकांनी नाही. तक्रारीचं काय झालं ते मला नक्की कळवा.